तिसऱ्या वसाहतीची चाळीस माणसं

उंबरीपाडा, ता. अक्राणी
१६ नोव्हेंबर २०२३

आदरणीय गृहपाल बाई,
उगवती कन्या वसतिगृह, तळोदा

नमस्कार. मी वीरसिंग पावरा, आठवीतल्या रविनाचा बाप. जूनमध्ये मुलीला सोडायला आलो होतो तेव्हा तुम्ही चहा पाजला होता. आमच्या पाड्यावर फोनला रेंज नाही, म्हणून पत्र लिहितो. जीपवाला दलसिंग आमच्याच गावचा आहे. उत्तर त्याच्याच हाती द्यावे.

रविना दिवाळीच्या सुट्टीला आली. तिच्या आईने कपडे धुवायला पिशवी रिकामी केली, तर तळाशी एक वही निघाली. मी आश्रमशाळेत दहावीपर्यंत शिकलो आहे, मला वाचता येते. पहिल्या पानावर रविनाच्या अक्षरात असे आहे : "तिसरी वसाहत. माणसे ४०. नावा ३. लाकूड ४२००. दगड २६००. धान्य १२,२४०. पहिले पीक ९० दिवसांनी."

बाई, वसाहत हा शब्द आम्हाला शिकवावा लागत नाही. धरणाचे पाणी चढले तेव्हा आमचे जुने गाव बुडाले आणि आम्हाला ट्रकात भरून खाली तळोद्याच्या बाजूला वसाहतीत नेले. मी बारा वर्षांचा होतो. दोन वर्षे काढून माझा बाप परत डोंगरावर आला, तोच हा पाडा. इथल्या जमिनीचा कागद अजून आमच्या हातात नाही. गेल्या महिन्यात दोन माणसे नदीकाठी तिवईवर यंत्र लावून मोजून गेली. कोण, कुठले, सांगितले नाही.

मी मुलीला विचारले, हे काय? ती म्हणाली, "बाईंनी कोणाला दाखवू नको म्हटलंय." त्यानंतर तिने तोंड उघडलेले नाही.

ही तिसरी वसाहत कोणाची आणि ती चाळीस माणसे कोण, एवढे कळवावे.

आपला,
वीरसिंग पावरा


तळोदा
२१ नोव्हेंबर २०२३

श्री. वीरसिंगभाऊ यांना नमस्कार.

तुमचं पत्र दलसिंगनं काल दिलं. वाचून आधी दचकले आणि मग थोडं हसूही आलं. भाऊ, तसं काहीच नाही. तो गणिताचा सराव आहे. शाळेत हल्ली असे प्रकल्प देतात. एखादं गाव नव्यानं वसवायचं तर काय काय लागेल, ते मुलांनी काढायचं. रविनाची वही इतर मुली उतरवून घेतात, म्हणून मी तिला म्हटलं होतं की दाखवत बसू नकोस. एवढंच.

तुमची मुलगी फार हुशार आहे. फेब्रुवारीच्या दहा तारखेला नंदुरबारला नववीच्या निवासी शाळेची प्रवेश परीक्षा आहे आणि तिचा फॉर्म मी भरलाय. यंदा आमच्या वसतिगृहातून एकच मुलगी लागेल असं मला वाटतं, ती रविनाच. सत्तावीसला शाळा उघडते. तिला वेळेवर पाठवा.

फुलवंतावहिनींना नमस्कार सांगा.

आपली,
ममता पाटील


उंबरीपाडा
४ डिसेंबर २०२३

गृहपाल बाई,

रविनाला पाठवलेले नाही, हे तुमच्या ध्यानात आलेच असेल. कारण लिहितो.

धडगावच्या बाजारात तुमच्या शाळेचे गणिताचे गोकुळ सर भेटले. ते आमच्याकडचेच. मी विचारले, सर, नवे गाव वसवायचा प्रकल्प कधी द्यायचा आहे? ते म्हणाले, "कसला प्रकल्प? आम्ही तर अजून समीकरणांवर आहोत." म्हणजे तुम्ही मला खोटे लिहिले.

मग मी घरी येऊन सगळी वही वाचली. शेवटून चौथ्या पानावर एक ते चाळीस आकडे आहेत आणि त्यांच्यापुढे नावे आहेत. माझ्या बापाचे नाव आहे. आईचे आहे. माझे आहे. नवव्या आकड्यापुढे रुपा आहे. रुपा माझी लहान बहीण. वसाहतीत गेलो त्याच पावसाळ्यात तापाने गेली, सहा वर्षांची होती. आमच्या घरात तिचे नाव कोणी घेत नाही. रविनाला मी ते कधी सांगितलेले नाही, तिच्या आईनेही नाही.

बाई, ही आमच्या ट्रकाची यादी आहे. एकोणतीस वर्षांपूर्वी असली यादी एका साहेबाच्या हातातल्या फायलीत मी पाहिली होती. ती तुमच्याकडे कुठून आली? आणि शेवटच्या तीन आकड्यांपुढे जागा रिकामी आहे. त्या तीन जागांवर कोणाला बसवणार आहात?

मी वहीतले आकडे गावात वाचून दाखवले, नावे तेवढी वाचली नाहीत. आमचा बाज्या आजा म्हणाला, "मोजणी सुरू झाली. या वेळी पोरींच्या हातून करून घेताहेत." सगळ्यांना तसेच वाटते. पाड्यावरच्या आणखी दोन मुली तुमच्याकडे आहेत, त्यांचे बापही विचारात पडले आहेत.

खरे असेल ते लिहा. नाही तर लिहू नका.

वीरसिंग पावरा


तळोदा
११ डिसेंबर २०२३

वीरसिंगभाऊ,

खरं लिहिते. हे पत्र तुम्ही कुणाला दाखवलंत तर माझी नोकरी जाईल, तरी लिहिते.

वसतिगृहाच्या ऑफिसात एक संगणक आहे. त्यावर मी एक खेळ खेळते. इंटरनेटवरचा, जगभरातली माणसं खेळतात तो. समुद्र असतो, बेटं असतात. आपल्या बेटावर गाव वाढवायचं, आणि पुरेसं साठलं की नावा भरून दुसऱ्या बेटावर नवी वसाहत करायची. लाकूड, दगड, धान्य, माणसं, सगळं आधी मोजून न्यावं लागतं. कमी पडलं तर वसाहत मोडते. एवढाच तो खेळ. चाळीस वर्षांची बाई असलं काही खेळते, हे लिहितानाही मला लाज वाटतेय. माझे मिस्टर, नवनीत, सुरतेला कापडाच्या गिरणीत आहेत, दीड-दोन महिन्यांनी येतात. मूलबाळ नाही. मुली अभ्यासाला बसल्या की वसतिगृहात आवाज म्हणून राहत नाही. तेव्हा कधीतरी सुरू केलं.

माझ्या दोन वसाहती मोडल्या. नावा पोचायच्या, आणि पीक यायच्या आतच धान्य संपायचं. ऑगस्टमध्ये रविना रजेच्या अर्जावर सही घ्यायला आली. मी संगणक बंद करेपर्यंत तिनं सगळं वाचलं होतं. दुसऱ्या वसाहतीच्या नावा तेव्हा वाटेत होत्या. मी नव्वद दिवसांचं धान्य धरलं होतं, चाळीस माणसांना रोजचे एकशेवीस, म्हणजे दहा हजार आठशे. ती म्हणाली, "बाई, वाटेतले बारा दिवस ते काय खातील?"

भाऊ, दोन वर्षांत माझ्या डोक्यात हे आलं नव्हतं.

त्यानंतर ती रोज संध्याकाळी अर्धा तास यायची आणि वहीत मांडायची. आमची स्वयंपाकीण धनुबाई एकदा म्हणालीही, "बाई, ती पोर रोज तुमना हापिसमा काय लिखी ऱ्हायनी?" मी तिला काहीतरी सांगून वाटेला लावलं. संस्थेला कळू नये म्हणून रविनालाही गप्प राहायला सांगितलं. तिथं माझं चुकलं. तुम्हाला प्रकल्प म्हणून लिहिलं, तिथं आणखी चुकलं.

पण ती नावं मी दिलेली नाहीत. खेळात माणसांना नावं नसतातच, नुसता आकडा असतो. तशी यादी मी आयुष्यात पाहिलेली नाही. ती वहीत कशी आली, मला माहीत नाही.

परीक्षेला आता दोन महिने आहेत. राग माझ्यावर काढा, तिला पाठवा.

ममता


उंबरीपाडा
२० डिसेंबर २०२३

गृहपाल बाई,

तुमचे पत्र तीनदा वाचले. कोणाला दाखवलेले नाही.

खेळ असेलही. पण मग नावांचे काय? आकडे तुम्ही दिले आणि नावे आकाशातून पडली, हे मला पटत नाही. ज्याने एकदा प्रकल्प म्हणून लिहिले तो दुसऱ्यांदा खेळ म्हणूनही लिहू शकतो.

आमच्या वेळचा कागदही असाच सुबक होता. दर घराला एवढे पत्रे, एवढे बांबू, एवढे धान्य. कागदात सगळे पुरत होते. त्यात गुरांचा चारा नव्हता. आमच्या सात बैलांतले चार पहिल्या उन्हाळ्यात मेले, आणि जमीन नांगरायला बैल लागतात हे कागदाला माहीत नव्हते. सरपण कुठून आणायचे ते नव्हते. आजारी पडले तर दवाखाना किती कोस, ते नव्हते. रुपाला बापाने खांद्यावर घेतले तेव्हा खाली दवाखाना कोणत्या दिशेला आहे हेही आम्हाला ठाऊक नव्हते. डोंगरात असतो तर निदान वाट माहीत असती.

म्हणून आकडा पाहिला की मला आधी संशय येतो. तुम्ही म्हणाल हा मनुष्य वेडा आहे. म्हणा.

तुमचे खरे असेल तर पाड्यावर या. सगळ्यांसमोर सांगा. ७ जानेवारीला रविवार आहे, लोक घरी असतील. एकट्या या. साहेब, फाईल, फोटो काढणारा, कोणी बरोबर नको.

वीरसिंग पावरा


उंबरीपाडा
२३ डिसेंबर

आदरणीय बाई,

मी रविना. हे पत्र दलसिंगकाकाला गुपचूप देते आहे. बाबा शेतात आहेत.

बाई, नावे मी लिहिली. तुम्हाला पण सांगितले नव्हते. तुमची दुसरी वसाहत मोडली तेव्हा स्क्रीनवर नुसते "४० मृत" असे आले आणि तुम्ही म्हणालात, जाऊ दे, पुन्हा करू. मला त्या रात्री झोप आली नाही. मला वाटले, ते कोण होते ते लिहून ठेवले तर पुढच्या वेळी आपण धान्य नीट मोजू.

मागच्या उन्हाळ्यात बाज्या आजाबरोबर मी महू, म्हणजे मोहाची फुले, वेचायला जायची. तो मला ट्रकाची गोष्ट सांगायचा. कोण कुठे बसले होते, कोणाच्या मांडीवर कोंबडी होती. त्याला सगळे पाठ आहे. ट्रकात पण चाळीसच होते. मला सदतीस नावे आठवली, तीन आठवली नाहीत. म्हणून जागा सोडली.

रुपा आत्या होती हे मला त्याच्याकडूनच कळले. तो म्हणाला, बापाला विचारू नको, तो रडेल. म्हणून मी बाबांना काहीच सांगत नाही. सांगितले तर मला ते कुठून कळले ते पण सांगावे लागेल, आणि बाज्या आजा आता काही काही विसरतो. मोजणी मोजणी म्हणून तोच सगळ्यात जोरात ओरडतो आहे. मला सांगितलेले त्याला आठवत नाही.

मी काय करू? मला परीक्षा द्यायची आहे.

तुमची विद्यार्थिनी,
रविना


तळोदा
१० जानेवारी २०२४

वीरसिंगभाऊ,

रविवारी तुम्ही मधूनच उठून गेलात. मी तीनपर्यंत वाट पाहिली, पण दलसिंगची शेवटची जीप सुटत होती. मागं काय झालं ते फुलवंतावहिनींनी सांगितलं असेलच. तरी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं लिहिते, कारण आधी दोन गोष्टी मी तुमच्यापासून लपवल्यात आणि तिसरी माझ्याकडे राहायला नको.

रविनाचं पत्र मला डिसेंबरातच आलं होतं. नावं कुणी लिहिली ते मी येताना जाणून होते. तरीही मी बोलले नाही. ते तिनं स्वतः बोलावं असं वाटलं आणि ती बोलेल की नाही याची खात्रीही नव्हती. तुम्ही सगळे माझ्याकडे जसे बघत होतात, तेव्हा दोनदा तोंडाशी आलं होतं.

तुम्हाला आठवतंय, मी खेळाचं सांगून झाल्यावर बाज्या आजा उठले आणि म्हणाले, "बाई गोड बोलते. ट्रकवाला साहेबही गोडच बोलायचा." मग रविना उभी राहिली आणि वही उघडून नावं वाचायला लागली. नववं नाव आलं आणि तुम्ही निघून गेलात.

ती थांबली. मला वाटलं, आता ही रडणार. पण ती दहावं नाव वाचायला लागली, आणि ती उच्चारायच्या आत बाज्या आजांनी ते म्हटलं. मग अकरावं. मग बारावं. मला तुमची बोली कळत नाही, पण नावं कळतात. ती वहीवर बोट ठेवायची आणि आजा डोळे मिटून पुढचं नाव सांगायचे. ट्रकाच्या तोंडापासून मागच्या फळीपर्यंत. सदतिसाव्यावर रविना थांबली, आजा थांबले नाहीत. अडतीस, एकोणचाळीस, चाळीस. रविनानं तिथंच मांडीवर वही ठेवून ती तीन नावं लिहून घेतली.

मग त्यांनी डोळे उघडले. आजूबाजूला बघितलं आणि काहीतरी म्हणाले. रविनानं माझ्या कानात मराठी करून सांगितलं : "हे तर मीच हिला सांगितलंय." एका बाईनं मला पाणी आणून दिलं. त्या दिवशी पाड्यावर मला मिळालेलं ते पहिलं पाणी.

आता माझं. सोमवारी मी संस्थेच्या अध्यक्षांना सगळं लेखी दिलं. त्यांनी ऑफिसचा संगणक उचलून नेलाय. मार्चअखेर मला सोडायला सांगितलंय, परीक्षा संपेपर्यंत ठेवलंय तेच खूप. याबद्दल तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. अध्यक्षांच्या जागी तुम्हीही तेच केलं असतंत.

परीक्षा १० फेब्रुवारीला. हॉल तिकीट माझ्याकडे आहे. दलसिंगच्या हाती देऊ शकले असते, पण दिलेलं नाही. तिला इथं आणाल तेव्हाच देईन. याला तुम्ही अडवणूक म्हणा.

ममता


उंबरीपाडा
१७ जानेवारी २०२४

गृहपाल बाई,

अडवणूकच आहे ती.

सोमवारी रविनाला घेऊन येतो. अटी आहेत. ती फक्त शाळेचा अभ्यास करील. दर आठवड्याला घरी पत्र लिहील आणि ते पत्र कोणी उघडणार नाही. परीक्षेला मी स्वतः नंदुरबारला येईन आणि पेपर संपेपर्यंत दारात बसेन. दुसऱ्या दोन मुलींचे बापही तुम्हाला भेटायला येणार आहेत. त्यांना तुम्हाला सगळे पुन्हा पहिल्यापासून सांगावे लागेल.

यंत्र लावणारी माणसे कोण होती ते अजून कळलेले नाही. तुमचा त्यांच्याशी संबंध नाही हे मला नव्वद टक्के पटते. बाकीचे दहा टक्के माझ्याकडे राहू द्या.

तुम्ही आलात त्या दिवशी उठून गेलो, तो नदीवर जाऊन बसलो होतो. पोरीने ते नाव मोठ्याने वाचले. एकोणतीस वर्षांत ते मी कोणाच्या तोंडून ऐकले नव्हते. मला राग आला असे सगळ्यांना वाटले. राग नव्हता.

वीरसिंग


उंबरीपाडा
१५ फेब्रुवारी २०२४

ममताबाई,

परीक्षेच्या दिवशी दारात गर्दी फार होती, नीट बोलता आले नाही. तुम्ही आणलेली पुरी-भाजी रविनाने खाल्ली, मीही खाल्ली, हे सांगायचे राहिले. पेपर बरा गेला म्हणते. गणिताचे एकही सोडले नाही.

परत येताना तळोद्याच्या अलीकडे ती म्हणाली, "बाबा, वसाहत इथून किती लांब?" मी म्हटले, अर्धा कोस. मग मीच दलसिंगला जीप थांबवायला सांगितली आणि आम्ही चालत गेलो.

बापाबरोबर डोंगरावर परत आलो तेव्हापासून मी तिकडे पाऊल टाकले नव्हते. आमच्या झोपडीच्या जागी आता पक्के घर आहे, वर टीव्हीची थाळी. झाडे मोठी झाली आहेत. मला काही ओळखू येईना आणि त्याची मला भीती वाटली. रुपाला कुठे पुरले ते मी शोधत होतो. तिथे नाल्याला लागून एक पळस होता, तो नव्हता.

एका अंगणात एक म्हातारी तुरीच्या शेंगा निवडत होती. तिने मला बराच वेळ निरखले. मला वाटले, आता ही विचारणार, कोण तुम्ही, कशाला फिरता. मीच तिच्या जागी असतो तर विचारले असते. ती म्हणाली, "वीरसिंग ना तू? रुपाचा भाऊ?" जतरीबाई होती ती. आमच्याच ट्रकात होती. तिचा नवरा परत यायला तयार झाला नाही म्हणून ती तिथेच राहिली.

तिने आम्हाला नाल्यावर नेले. पळस केव्हाच पडला. पण चार दगड होते आणि त्यांच्याभोवती गवत काढलेले होते. मी विचारले, कोण काढते? ती म्हणाली, "मी. दुसरं कोण आहे इथं?"

रविना तिथे बसली. तिने मला विचारले, "बाबा, आत्या हसायची कशी?"

मला आठवेना. मी खूप प्रयत्न केला. ताप आठवला, बापाचा खांदा आठवला, पण हसणे आठवले नाही.

जतरीबाईने तोंडावर पदर धरला, मान एका बाजूला टाकली आणि तसे हसून दाखवले.

आपला,
वीरसिंग